राणीला न्यायला कोण येणार

आम्ही दुसऱ्याच्या मळ्यात वाट्याने मेथी-कोथिंबीर करायचो आणि त्याच मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. पावसाची झड लागली की पाला सडायचा. जे सडलं नाही तेच मग दोन्ही वेळा शिजायचं. ताईची शाळा सातवीत सुटली. माझी सुटली नाही, कारण तिची सुटली होती. हे मला कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

मी कॉलेजात गेलो तोवर ताई सिन्नरहून परत आली होती. परत म्हणजे सासरच्यांनी आणून सोडली. "चार दिवस राहू द्या, न्यायला येतो," म्हणाले. दुसरी दिवाळी गेली तरी कुणी फिरकलं नाही.

त्याच काळात मला मेन रोडला जुन्या पुस्तकांच्या गाडीवर एका इंग्रजी कादंबरीमालेचे तीन भाग मिळाले. राज्यं, राक्षस, बोलणारे गरुड. शब्दकोश घेऊन मी वाचायचो आणि संध्याकाळी जुड्या बांधताना आईला न् ताईला मराठीत सांगायचो. तिसऱ्या भागाच्या शेवटी राजा लढाईवर आणि राणी बापाच्या गडावर. चौथा भाग लेखकाने लिहिलाच नव्हता. अशोक स्तंभाजवळच्या सायबर कॅफेत बघितलं, तर जगभरचे वाचक शेवटाचे अंदाज बांधत बसलेले. ते मी घरी सांगितले.

"बरेच जण म्हणतात, राणी स्वतःच गरुडावर बसून राजाकडे जाईल."

"बिनबोलावता?" आई म्हणाली. "अन् दारातनं हाकलली म्हंजी? न्यायला मान्सं यायला पाहिजेत. येतील. लढाई हाय, सवड नसंल."

"तीन पुस्तकं झाली, साधा निरोप नाय," ताई म्हणाली. "त्यांच्यात गरुड बोलतेत ना? मग एखादा धाडायला काय झालं व्हतं?"

"अभद्र बोलू नको."

"मी राजाचं बोलते. तुला काय झालं?"

आई उठून चुलीकडे गेली.

आईचा अंदाज मी कॅफेतून लिहून टाकला. कुणीतरी विचारलं, राणीला पाय नाहीत का? न्यायला यावं का लागतं, हे मला इंग्रजीत सांगता येईना. लिहिलं, खोडलं, उठून आलो.

मग एके दिवशी मार्केट यार्डातून अण्णा, म्हणजे वडील, घरी आले. डोक्याची टोपी काढून बसले. सिन्नरच्या व्यापाऱ्याकडून कळलं होतं, जावयाने दुसरी केली. वर्ष होत आलं म्हणे.

ताईने हातातली जुडी पुरी बांधली.

"भाऊ, पुढं सांग."

"पुढचं लिहिलेलं नाही, ताई."

"मंग लिहू पण नको म्हनावं त्याला."

"येतोच राजा शेवटाला," आई चुलीपासून म्हणाली. ताईने पुढची जुडी बांधायला घेतली.

चौथा भाग अजूनही आलेला नाही. ताई मळ्यातच आहे. सिन्नरची बातमी आली त्याच उन्हाळ्यात माझा निकाल लागला आणि मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला.