माझ्याच रिपोर्टवर मी केलेली 'ओके'ची सही

"हार्ट फेल्युअर आहे," अंबरनाथच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्याशी हुज्जत घालायला लागलो. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याला काम झेपेनासं होणं, हे नंतर कळलं. त्या वेळी माझ्या खिशात नॉर्मल रिपोर्ट होता.

मी इथल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. माप मर्यादेत बसलं की 'ओके' लिहून सही करायची, हेच आयुष्यभर केलं. सोनिवलीच्या घराचे दोन जिने चढताना धाप लागू लागली, पाय सुजू लागले, तेव्हा या डॉक्टरीणबाईंनी दोन तपासण्या लिहून दिल्या. पहिली रक्ताची, एनटी-प्रोबीएनपी. हृदयावर ताण आला की ते एक हार्मोन सोडतं, जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढून टाकणारं. त्याच्यासोबत सुटणारा अंश यात मोजतात. उल्हासनगरच्या लॅबमधून आकडा मर्यादेत आला. सवयीने मी कोपऱ्यात 'ओके' लिहून सही ठोकली आणि दुसरी तपासणी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलीच नाही.

महिना गेला तरी धाप कमी होईना. माझी बायको सुनंदा ती सही बघून म्हणाली, "रिपोर्ट पास झाला ना? मग तुम्ही का पहिल्या जिन्यावर बसताय?" दुसऱ्या दिवशी तिने मला रिक्षात घालून इकोला नेलं. मी वाटभर कुरकुरत होतो.

इकोत हृदय ताठर झालेलं दिसलं, तरी मी डॉक्टरीणबाईंपुढे खिशातला तो नॉर्मल रिपोर्ट धरला.

"काका, तुमचं वजन एकशे आठ, त्यात इन्सुलिन रेझिस्टन्स," बाई म्हणाल्या. "म्हणजे इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. अशा माणसांत हे हृदयाचं हार्मोन मुळातच कमी असतं. ताण असूनही आकडा नॉर्मल दिसू शकतो."

कारखान्यात मोजायचं गेज तपासल्याशिवाय मी साधा बोल्ट पास केला नसता. स्वतःला मात्र केलं. लाज वाटली, आणि पहिल्यांदाच भीती वाटली.

आता गोळ्या चालू आहेत, भात एका वाटीवर आलाय, चार महिन्यांत नऊ किलो उतरले. तुमचंही वजन जास्त असेल आणि धाप लागत असेल, तर नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी बसू नका. धाप लागतेय हे डॉक्टरांना पुन्हा सांगा.

माझे रिपोर्ट आता सुनंदाच्या ताब्यात असतात. ती आधी मला दोन्ही जिने चढायला लावते, मगच कागद उघडते. परवा तिने कोपऱ्यात लिहिलं, "बरे आहेत, पण लक्ष ठेवायचं." खाली सही तिची.