बी.ए.च्या अभ्यासक्रमात रिम नव्हती

मी ग्रॅज्युएट होण्याआधी आमच्या घरात एकही वस्तू दुरुस्त करावी लागत नव्हती. बिघडेल अशी वस्तूच नव्हती. बाबा नागपूरच्या महाल भागात भाड्याची सायकल-रिक्षा ओढायचे, आई चार घरची भांडी घासायची, आणि घरात विजेवर चालणारा एकच प्राणी होता, तो म्हणजे बल्ब. तो गेला की आम्ही झोपून घ्यायचो.

मग मी बी.ए. झाले. राज्यशास्त्र, प्रथम श्रेणी, साऱ्या खानदानात पहिली. बाबांनी माझा काळ्या गाऊनमधला फोटो एवढा मोठा करून आणला, की तो लावण्यासाठी भिंतीवरचा आरसा, कॅलेंडर आणि आजोबा अशा तिघांनाही सरकावं लागलं.

त्या दिवसापासून गल्लीत काहीही बिघडलं की ते माझ्यासमोर हजर! फ्यूज, कुकरची शिट्टी, टीव्हीचा रिमोट, शेजारच्या लतामावशीच्या गुडघ्याचा एक्स-रे. बाबांचं वाक्य ठरलेलं, "वैशालीले दाखवा, ग्रॅज्युएट हाये." राज्यशास्त्रात कुकर नसतो, हे मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. (खरं सांगते, आवडायचं मला.) मी वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची, "हं" म्हणायची आणि दोन ठोके द्यायची. निम्म्या वस्तू तेवढ्यानंच सुरू व्हायच्या. उरलेल्या निम्म्यांत कंपनीचाच फॉल्ट असायचा. बावीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. "मले येत नाही" हे माझ्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा.

या मे महिन्यात माझी धाकटी बहीण प्रज्ञा लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आली. सोबत तिचा नवरा सुमेध, पुण्याचा कॉम्प्युटर इंजिनिअर, आणि सुमेधसोबत त्याची एकचाकी. विजेवर चालणारी. मधे एक जाडजूड चाक, त्याच्या दोन्ही अंगांना पाय ठेवायला पट्ट्या, वर उचलायला एक मूठ. बस. ना सीट, ना हँडल, ना ब्रेक. बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "बाकीची गाडी मागून येऊन राहिली काय?"

सुमेधनं तिच्यासाठी दोन वर्षं पैसे साठवले होते. प्रज्ञानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तो मले एकदा विसरन, हिले नाही." संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांना तो ती चालवून दाखवणार होता.

जेवताना मी सहज विचारलं, शिकायला किती दिवस लागतात. सुमेध नम्रपणे म्हणाला, "ताई, तुम्ही नका त्या भानगडीत पडू. बॅलन्सचा प्रश्न असतो."

बाबांचा घास हातातच राहिला. "जवाईबापू," ते फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "ते ग्रॅज्युएट हाये."

एवढं झाल्यावर मला दुसरा मार्गच उरला नाही.

दुपारी दोन वाजता, नागपूरच्या मे महिन्यात, रस्त्यावर कुत्रंही नसतं. सुमेध कूलरसमोर घोरत होता, प्रज्ञा मैत्रिणीकडे गेली होती. मी डोक्याला दुपट्टा बांधला, एकचाकी बाहेर काढली आणि कंपाउंडच्या भिंतीला धरून चढले. आणि सांगते, जमलं! भिंत धरून मी वीस पावलं झकास गेले. एकविसाव्या पावलाला भिंत संपली. पुढे आमचा नवा सिमेंट रस्ताही संपतो. तो घरांपेक्षा हातभर उंच बांधलाय, त्यामुळे तो संपतो म्हणजे एकदमच संपतो. एकचाकी माझ्यासकट कडेवरून खाली गेली. मी विजेच्या खांबाला मिठी मारून वाचले. ती चेंबरच्या लोखंडी झाकणावर आदळली.

उचलून पाहिलं तर टायरमधली हवा गेलेली, आणि रिमच्या कडेला अंगठा बसेल एवढा खड्डा.

सुमेध चार वाजता चहाला उठतो. तेवढ्यात रिम सरळ झाली नाही, तर पहिल्याच खेपेला जावयाची सगळ्यात लाडकी वस्तू सासुरवाडीनं मोडली, हे प्रज्ञाला जन्मभर ऐकावं लागणार होतं. आणि मोडली कोणी? फोटोतल्या बाईनं!

अंगणात बाबा जागेच होते.  त्यांनी एकचाकी उलटी केली, चाकाला बोट लावून फिरवलं, आणि त्यांचा चेहरा पडला. रिक्षाच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, त्यांनी आयुष्यभर काढला होता, एकेक आरा कसून, एकेक आरा ढिला करून.

"याले आरेच नाहीत वं," ते म्हणाले. "आऊट काढू कायचा?"

मग अर्थात माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "पहिले टेस्टिंग करा लागते." (कशाचं, ते मलाही माहीत नव्हतं.) एकचाकी सरळ उभी केली, मूठ धरून जराशी उचलली आणि बटण दाबलं. आता या यंत्राचा स्वभाव असा, की ते पुढे झुकलं की त्याला वाटतं मालक पुढे निघाला. मी नीट पाहायला वाकले. ते झुकलं. चाक असं काही किंचाळत फिरलं, की मी घाबरून मूठ सोडून दिली.

ती सुसाट निघाली. बाबा तुळशीच्या कट्ट्यासारखे जागीच उभे. तिनं अंगण पार केलं आणि खिडकीबाहेरच्या कूलरच्या स्टँडला धडक दिली. कूलर खिडकीकडे कलला, टाकीतलं पाणी पंख्याच्या पात्यांवर आलं, आणि पंख्यानं आपलं काम चोख केलं. आतून जावयाचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज.

सुमेध बाहेर आला तेव्हा निथळत होता आणि त्याच्या केसांत कूलरचं गवत होतं. त्यानं आडवी पडलेली एकचाकी पाहिली. बसून रिमवरून बोट फिरवलं. बोट खड्ड्यात थांबलं.

बाबा घाईघाईनं म्हणाले, "काही नाही जवाईबापू. वैशाली पाहूनच राहिली."

सुमेधनं माझ्याकडे पाहिलं. तो चिडला असता तर परवडलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत आशा होती. "ताई, तुम्हाला येतं हे? मला तर फक्त स्क्रू खोलता येतात."

इंजिनिअर मला विचारत होता! बावीस वर्षांचा मान एका क्षणात दुप्पट झाला. मी म्हटलं, खोला. त्यानं कव्हर खोललं, वायर जपून सोडवली, चाक वेगळं केलं. बाबांनी दोन चमच्यांच्या दांड्यांनी टायर काढला. मी घरातून लोखंडी हातोडा आणला आणि खड्ड्यावर नेम धरून उगारला.

तेवढ्यात माझी नजर आईकडे गेली. ती दारात उभी होती.  तिनं फक्त डोळे गच्च मिटून घेतले होते.

हातोडा माझ्या डोक्यावर तसाच राहिला. खाली सुमेधची दोन वर्षं होती. आणि खरं सांगायचं तर हा हातोडा कुठे मारायचा, किती जोरात मारायचा, मारायचा की नाही, यातलं मला काहीही कळत नव्हतं.

"मले येत नाही," मी म्हटलं.

 कूलर तेवढा टपटपत होता. बाबांनी आधी फोटो असलेल्या खोलीकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"हळू बोल," ते म्हणाले, "लता ऐकन."

आईनं डोळे उघडले. पायऱ्या उतरून आली आणि हातोडा माझ्या हातातून काढून घेतला. "लोखंडानं ठोकशीन तर चिरन ते. भात शिजवाच्या गंजासारखंच हाये हे, अल्युमिनचं. चार घरी गंजांचे पोचे काढले म्या, मालकिणीले समजाच्या आधी."

"मग सांगितलं काहून नाही?" बाबांनी विचारलं.

"कोणी इचारलं? बावीस वर्षं झाले, सारं हिलेच तर इचारता."

आईनं उकळत्या पाण्यात फडकी बुडवून रिमच्या कडेला गुंडाळली. बाहेरून पाट टेकवला, तो सुमेधनं दाबून धरला. आतून कपडे धुवायच्या लाकडी मोगरीनं ती ठोकायला लागली, हळूहळू, कान देऊन, भांड्याचा आवाज ऐकतात तसं. चार ठोके, मग अंगठा फिरवायचा. पुन्हा गरम फडकं, पुन्हा चार ठोके. तोवर बाबांनी पंक्चर काढलं. मला छत्री धरायचं काम मिळालं. आईच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून. मी ते काम अत्यंत आत्मविश्वासानं केलं.

संध्याकाळी सुमेध साऱ्या गल्लीसमोर एकचाकीवरून तीन चकरा मारून आला. प्रत्येक फेऱ्याला चाक बारीकसं "थप" म्हणत होतं. ते फक्त आईला ऐकू आलं. "कणभर रायलं," ती म्हणाली. सुमेध म्हणाला, राहू द्या, आता ती सासुरवाडीची खूण. प्रज्ञाला मात्र मी सगळं स्वतः सांगितलं. ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी लतामावशी मिक्सर घेऊन आली. मी तो हातात घेतला नाही. उलटा केला नाही. "हं"सुद्धा म्हटलं नाही. सरळ सांगितलं, "मावशी, मले येत नाही."

मावशीनं मिक्सर खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. मग तिनं बाबांना विचारलं, "पोरीची तब्येत बरी हाये ना?"

तर हिशेब असा. आमच्या खानदानात पदवी मिळवणारी पहिली मी, आणि "येत नाही" म्हणणारीही पहिली मीच. पदवीला तीन वर्षं लागली. "येत नाही" म्हणायला बावीस, आणि त्यातही रिमच्या विषयात आई पास झाली म्हणून मी सुटले.