खो सर नेमकं काय म्हणाले होते

खो सरांना आडनाव ऐकायला आवडत नसे. नवीन पोरगं मैदानावर आलं आणि हात मागे बांधून पूर्ण नाव सांगू लागलं, की ते मधेच हात वर करायचे. "बस, बस. तुझं कळलं, बापाचं कळलं. फुडचं ऱ्हाऊ दे. त्या लिंबापर्यंत पळून दाखव." पोरगं पळून परत येईपर्यंत सरांनी त्याला नवं नाव देऊन टाकलेलं असायचं. एक हरण झाला, एक ढब्बू झाला, एक भिंगरी झाला. एकाला त्यांनी 'एसटी' म्हणायला सुरुवात केली, कारण तो सुटायला उशीर लावायचा आणि सुटला की हात केला तरी थांबायचा नाही.

स्वतःच्या बाबतीतही तोच नियम. हजेरीत सही नुसती 'दिगंबर'. गावात कुणी खोदून विचारलं तर हसून म्हणायचे, "पाठीला आडनाव नसतंय, दादा. मी पाठीवरचा मास्तर." मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. पाटोद्याच्या बाजूचं आमचं गाव, एका संस्थेची शाळा, पाचवी ते दहावी. नेमणुकीचे कागद माझ्यासमोर झाले होते, म्हणून त्यांचं आडनाव गावात फक्त मला माहीत होतं.

या लिखाणात मी कुठल्याच जातीचं नाव घेणार नाही. घेतलं की वाचणारा आधी 'हा आपला की त्यांचा' हे बघणार आणि मग कुणाची चूक ते ठरवून पुढं वाचणार. माझ्या जिल्ह्याला ही खोड लागली आहे. मलाही होती. त्या खोडीनंच हा माणूस आमच्या गावातून हाकलला गेला, आणि अजूनही लोक त्यालाच जातिवादी म्हणतात. ते मला आता ऐकवत नाही.

खो सर विनाअनुदानित तुकडीवर होते. त्यांना मिळायचं त्याला पगार म्हणायची मला लाज वाटे. गिरणीमागच्या एका खोलीत राहायचे, कुटुंब गावाकडे. सकाळी प्रार्थनेच्या आधी मैदानावर एकटे फक्की मारत असत. पांढऱ्या रेघा इतक्या सरळ, की कोंबड्यासुद्धा ओलांडायला बिचकतात असं आमचा शिपाई म्हणायचा. दिवाळी झाली की गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघत आणि आईबापांबरोबर निम्मी शाळा ट्रॅक्टरवर चढे. सर ट्रॅक्टरपाशी जाऊन उभे राहत. "पोरगं वसतिगृहात ठिवा. त्याच्या जेवणाचं म्या बघतो."

एक बाई एकदा वरूनच खेकसली, "मास्तर, खो-खोनं पोट भरतंय व्हय?"

"न्हाई भरत, ताई. पण खो-खोपायी पोरगं शाळंत ऱ्हातंय. चार महिन्यांनी याल तवा वाचून दाखवंल तुमाला."

ती पोरगं खाली उतरवून गेली. अशी कितीतरी पोरं त्या माणसानं ट्रॅक्टरवरून उतरवून घेतली होती.

खो-खोत आठ पोरं रांगेत बसतात. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला रांग ओलांडता येत नाही. समोरचा गडी पलीकडे निसटला, की ज्याची पाठ आपल्याकडे आहे अशा बसलेल्या पोराच्या पाठीवर हात मारायचा, 'खो' म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. पुढचं तो बघतो. मी शिक्षणाच्या गप्पा आयुष्यभर मारल्या, पण दुसऱ्यावर भरवसा ठेवायला शिकवणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

मग एक निवडणूक झाली, मागोमाग मोर्चे झाले, आणि शाळेत फाटाफूट सुरू झाली. कुणी हुकूम काढला नव्हता. नववीची पोरं आपोआप दोन कोपऱ्यांत डबे खाऊ लागली. वाढदिवसाचे केक वेगवेगळे, मोबाइलवरचे ग्रुप वेगळे, मनगटातले धागे वेगळे. पाण्याच्या टाकीला नळ तीन, तर दोन गटांनी दोन वाटून घेतले आणि उरलेला कुणासाठी ते न सांगता सगळ्यांना कळलं. पोरांना दोष द्यायचं कारण नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही खुर्च्या तशाच सरकल्या होत्या. पोरं खिडकीतून बघत होती.

याचा परिणाम मैदानावर दिसला आणि तो फक्त खो सरांना दिसला. पळणारं पोरगं जवळच्या पाठीला खो द्यायचं सोडून दोन चौकोन पुढं, आपल्या गटातल्या पोरापर्यंत धावतंय. तेवढ्यात समोरचा गडी निसटलेला.

"कावून पुढं गेला बे?" सर ओरडायचे.

"लक्षात न्हाई आलं, सर."

"तुला पाठ दिसली न्हाई? एवढी परातीएवढी पाठ?"

सरांनी उपाय काढला. बसलेल्या सगळ्यांच्या डोक्यावरून टॉवेल टाकले, म्हणजे कोण कोण ते कळू नये. पोरं बुटांवरून ओळखू लागली. सरांनी सगळ्यांना अनवाणी बसवलं. तर पोरांनी एकमेकांच्या टाचा ओळखल्या. सर कपाळावर हात मारून खाली बसले. "अरं, टाच वळखू येती तुमाला एकमेकाची! सख्ख्या भावाला यायची न्हाई. मग अडतंय कुठं रे?" पोरं फिदीफिदी हसली. मीही व्हरांड्यातून हसलो. तेव्हाच मैदानात उतरून सरांच्या शेजारी उभा राहिलो असतो, तर पुढचं कदाचित झालं नसतं.

त्या वर्षी आम्ही तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. सामना पाटोद्याला. आमचा सगळ्यात चपळ गडी भिंगरी, ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. तो दोन्हींपैकी कुठल्याच गटातला नव्हता. पाठलागाच्या पहिल्या डावात तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चौकोनात बसून राहिला. त्याला एकाही पोरानं खो दिला नाही. एरवी दोन्ही गटांचं कशावरच पटत नव्हतं, पण भिंगरीच्या पाठीला हात लावायचा नाही यावर त्यांचं न बोलता एकमत होतं. एवढं असूनही आम्ही पुढं होतो.

मधल्या वेळात सरांनी पोरांना गोळा केलं. "भिंगरीला खो द्या. तो उठला तर सामना तितंच संपतोय." कॅप्टननं मान डोलावली. हा कॅप्टन म्हणजे ढब्बू, गावातले एक पुढारी बापू यांचा मुलगा. दुसरा डाव सुरू झाला. कॅप्टन स्वतः भिंगरीच्या पाठीमागून गेला, क्षणभर हात उचलला आणि तसाच पुढं पळाला. भिंगरी अर्धवट उठला होता, तो परत बसला. बघणाऱ्यांतून कुणीतरी शीळ घातली.

खो सर चालत मैदानात गेले. पंच धावत आले. "सर, जिंकताय तुम्ही. बाहेर व्हा."

"जिंकताय म्हणूनच थांबवतोय. आज असं जिंकली तर जल्मभर असंच खेळतील. संघ मागं घेतो मी."

आमचा संघ हरला असं जाहीर झालं. परतीच्या टेम्पोजवळ गावातले लोक सरांच्या अंगावर धावले. कॅप्टन रडत होता, दुसऱ्या गटाचा म्होरक्याही रडत होता. सरांनी त्या दोघांना समोर उभं केलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. ते जे बोलले ते शब्दाला शब्द असं: "जात बघून खो द्यायचा आसंल तर ग्राउंडवर येऊ नका. घरी बसा. तुमी लई गुणी पोरं हायेत, पण तुमाला कुणीतरी नासवलंय. भिंगरीची माफी मागा अन् उद्या सकाळी सगळे या. मी फक्की मारून ठेवतो."

कुणाचा तरी मोबाइल चालू होता. संध्याकाळपर्यंत गावभर क्लिप फिरली. तिच्यात एवढंच होतं, "ग्राउंडवर येऊ नका. घरी बसा." वर कॅप्टनचा रडका चेहरा आणि खाली ओळ, 'आपल्या पोरांना मास्तर मैदानावर येऊ देत नाही.' दुसऱ्या गटानंही तीच क्लिप कापली, त्यांच्या पोराचा चेहरा ठेवून. त्यांची ओळही तीच. दोन्ही गटांना खात्री झाली की अपमान झाला तो आपलाच. सकाळी एक मोर्चा साडेदहाला शाळेवर आला आणि दुसरा जेवणानंतर. भिंगरीचा अपमान झाला म्हणून कुणीच आलं नाही.

दुपारी संस्थेचे सचिव माझ्या खोलीत बसले. दोन्हीकडचे पुढारी हजर. सचिवांनी विचारलं, "हेडसर, तुम्ही जवळ होतात. मास्तर काय बोलला?"

मी म्हणालो, "गोंधळ फार होता. मला नीट ऐकू आलं नाही."

"बरं, हा मास्तर कुणाचा?"

हा प्रश्न मात्र मला नीट ऐकू आला. मी त्यांचं आडनाव सांगितलं.

खोलीतली सगळी माणसं एकदम मोकळी झाली. "आस्सं! त्यांचा व्हय? तरीच!" सकाळपासून एकमेकांकडे न बघणारे दोन पुढारी हसले. एकानं दुसऱ्याला तंबाखू दिली. सर त्या दोघांच्याही जातीचे नव्हते, त्यामुळे त्यांना काढायला कुणाचीच हरकत नव्हती. त्या वेळी माझ्या पोटात काय होतं? मला निवृत्तीला थोडे महिने होते, मुलाला त्याच संस्थेत लावायचं होतं. याला मी तेव्हा अडचण म्हणत होतो. हा नीचपणा होता.

खो सर चार वाजता मैदानावरच्या खोलीची किल्ली द्यायला आले. किल्ली टेबलावर ठेवून उभे राहिले. "हेडसर, तुमी तितंच व्हतात."

"हो."

ते थांबले. मी समोरची फाइल उघडली आणि वाचायला लागलो. त्यात काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "पोरांची बुटं कपाटात हायती. ओली हायती. उनात घाला." आणि गेले. रागावले असते, टेबलावर हात आपटला असता, तर मला बरं वाटलं असतं.

पुढं दोन्ही गटांनी आपापले संघ काढले. एका गटाकडे पाच पोरं, दुसऱ्याकडे सहा. खो-खोला नऊ लागतात. महिन्याभरात मैदानावर बाभळी उगवायला मोकळ्या झाल्या. भिंगरी त्या दिवाळीनंतर बापाबरोबर ट्रॅक्टरवर चढला. त्याला उतरवायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. मला निरोप समारंभात शाल मिळाली, आणि 'सर्वांना बरोबर घेऊन चालणारे' असं माझं वर्णन झालं. मी ते डोळे पुसत ऐकलं.

इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर खो सर गेल्याचं कळलं. झोपेतच गेले. खाली एकानं लिहिलं, 'कोण? तो जातिवादी मास्तर का?' त्याला अंगठे पडायला लागले. त्या पोरांची नावं मी वाचली. त्यातल्या बऱ्याचजणांना खो सरांनी पळायला शिकवलं होतं. मी टेम्पोजवळचं सगळं बोलणं टाइप करून टाकलं. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. तो कॅप्टन आता स्वतःच पुढारी आहे, त्याचाच फोन आला.

"सर, राग मानू नका. पण आत्ता कावून उकरताय? वातावरण लई गरम हाय."

"वातावरण तू गरम करतोस रे, ढब्बू."

"सर, ढब्बू म्हणू नका. लोक हायेत बाजूला."

"भिंगरीच्या पाठीमागं हात उचलला होतास. मी बघितलं होतं. मारणार होतास ना खो?"

बाजूचा गलका मागं ठेवून तो लांब गेला. मग म्हणाला, "बापू बघत व्हते, सर," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी धर्मापुरीच्या वाटेवरच्या सरांच्या गावी गेलो. मुलगा सोडायला तयार नव्हता. "पप्पा, आपल्याला इथंच राहायचंय." मी एसटीनं गेलो. सरांच्या बायकोनं दारातच ओळख विचारली. मी शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं. समोर बसून मी सगळं सांगितलं. क्लिप, सचिव, आडनाव, किल्ली. मी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "ते घरी येऊन नुसतं म्हणले, तितलं काम संपलं. तुमचं नाव कदी काढलं न्हाई."

मी हात जोडले. त्या उठल्या आणि माझ्यासमोरचा रिकामा तांब्या उचलला.

"मला सांगून काय उपेग, सर? ते कसे व्हते मला ठावं हाय. तुमच्या गावात सांगा."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला शाळेत मला पहिल्या रांगेत खुर्ची देतात. दोन्ही गटांचे पुढारी शेजारी असतात, समोर सगळी पोरं उभी असतात. या वेळी मी माइक मागणार आहे. मुलानं सांगून ठेवलंय की मी असं काही केलं तर तो माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे. माइक दिला नाही तर तसाच उभा राहून बोलेन. शेवटच्या रांगेतल्या पोराला ऐकू जाईल एवढा आवाज माझ्यात अजून आहे.