काकूने विणलेली डावी बाही

फोन मनीषावहिनीचा होता. शाळा नुकतीच भरली होती आणि मी मुलांना रांगेत बसवत होते. वहिनी सासूला, म्हणजे माझ्या सुभद्राकाकूला, आत्याबाई म्हणते. "ताई, आत्याबाई गेल्या... सकाळी चहा घेतला आन् जरा पडते म्हणल्या, त्या उठल्याच न्हाईत." शिरूर कासारहून तलवाड्याला पोहोचेपर्यंत मला रडू आलं नाही. बसमध्ये मी नुसती स्वेटरची डावी बाही चाचपत होते. त्याला आता महिना उलटून गेला.

सुभद्राकाकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते तालुक्याच्या राजकारणातले, त्यामुळे निवडणूक असो वा नसो, ओसरी माणसांनी भरलेली आणि चुलीवर चहाचं आधण कायम. सगळ्यांचा चहा झाला की काकू दाराशी बाजेवर बसून क्रोशाचं विणकाम करायची. मान खाली, पण कान ओसरीवर. एकदा एका पुढाऱ्याने तिला चिडवलं, "वहिनी, दिसभर तेच ते... कटाळा कसा येत न्हाई तुमाला?" काकूने सुईवरची नजर न काढता सांगितलं, "तुमचं भाषण संपंस्तोवर माझी एक बाही व्हती. तुमचं काय व्हतं?" अख्खी ओसरी हसली. तो पुढारीही हसला. चुलते तेवढे पान लावण्यात गुंग असल्यासारखे बसून राहिले.

मी शाळेत असताना कडबा कुट्टीच्या यंत्रात माझा डावा हात कोपराखाली गेला. त्यानंतर घरात सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलू लागले. बाहेर निघाले की आई ओढणी डाव्या बाजूने ओढून द्यायची. हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरवाले बसायचे, त्यांच्याकडून घेतलेल्या स्वेटरची डावी बाही ती दुमडून पिनेने टाचायची. पीन कधीतरी निसटायचीच, मग रिकामी बाही वाऱ्यावर फडफडायची आणि मी घर गाठायची. त्या हाताकडे कुणी बघत नव्हतं. मीसुद्धा.

शिरूरच्या शाळेत नोकरी लागली त्या वर्षी काकूने हाक मारली. तिच्या मांडीवर मोरपंखी लोकरीचा, पुढून बटणांचा स्वेटर होता. बटणं मुद्दाम मोठी घेतली होती, एका हाताने लागावीत म्हणून. पाठ आणि पुढचे भाग जोडून झाले होते, फक्त बाह्या राहिल्या होत्या.

"हात दाव."

मी उजवा पुढे केला.

"ह्यो न्हाई. त्यो दुसरा."

मी ओढणी घट्ट धरली. तिने ती सावकाश बाजूला केली, टोकाला हात लावला, सुतळीने माप घेतलं आणि विचारलं, "कुठं दुखतंय?" इतक्या वर्षांत डॉक्टर सोडता हे कुणी विचारलं नव्हतं. मी जागा दाखवली. व्रणाच्या कडेला जराही दाब सोसत नव्हता.

उजवी बाही काकूने झटक्यात विणली. डावीने तिला दमवलं. आधी टोकाशी उघडी ठेवली, तर आत वारं शिरलं. मग शिवून बंद केली, तर शिवण नेमकी व्रणावर आली. काकू चिडचिड न करता उसवायची आणि पुन्हा साखळी घालायची. शेवटी तिने उलटीकडून सुरुवात केली. टोकाशी टोपीसारखा गोल, मग फेऱ्या वाढवत वर खांद्यापर्यंत. कुठेही शिवण नाही.

बाही नेमकी बसली, आणि मी संतापले. "काकू, असा घातला तर समद्यांना दिसंल!"

"दिसू दे की. लोकाला आज ना उद्या दिसणारच हाय. तवर थंडी कावून खायची?"

मी स्वेटर नेला, पण ट्रंकेच्या तळाशी टाकला. पुढे कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी हाताचं टोक ठणकायला लागलं तेव्हा तो काढला आणि तसाच घालून वर्गात गेले. पहिल्या रांगेतली एक मुलगी बघतच राहिली. "बाई, तुमचा हात कुठंय?" मी म्हणाले, "कुट्टीत गेला." तिने मान वाकडी करून बाही निरखली. "आन् ही बाही कुणी केली?" "माझ्या काकूनं." "भारी हाय," म्हणून तिने पाटी पुढे ओढली. मी फळ्याकडे वळले. ज्याची इतकी वर्षं धास्ती घेतली होती, ते एवढ्यातच आटोपलं होतं.

सुट्टीत घरी गेल्यावर हे सगळं मी भरभरून काकूला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "ते असू दे. खांद्यात वढती का बाही?"

दोन वर्षांपूर्वी काकूला लकवा झाला. वाचा शाबूत राहिली, पण डावी बाजू गेली. नात ईश्वरीसाठी विणायला घेतलेल्या लाल स्वेटरची एक बाही तेव्हा व्हायची होती. उजव्या हातात सुई होती, पण काम धरायला, दोरा ताणायला डावा हात नव्हता. काही दिवस ती नुसती लोकरीच्या गुंड्याकडे बघत राहिली. मग मी गेले तशी म्हणाली, "इकडं डाव्या अंगाला बस. तुजा उजवा हात दे मला."

मी काम धरलं, दोरा बोटावर घेतला, तिने सुई चालवली. "ढिला सोड... आता ताण... लई ताणलंस बे!" पुरुषांना घालायची हाळी तिने मला घातली आणि आम्ही दोघी हसत सुटलो. बाही कुठे फुगली, कुठे आवळली. वहिनीने हळूच सुचवलं, उसवून नीट करून घेऊ का कुणाकडून? "खबरदार," काकू म्हणाली. "आमा दोघींची हाय ती."

परवा तलवाड्याला गेले, तेव्हा ईश्वरी तोच लाल स्वेटर घालून आली. तिची मनगटं बाहेर आली होती. वहिनीने बाह्या वाढवायला कपाटातून उरलेली लोकर काढली, काकूच्या बाजेवर माझ्या डाव्या अंगाला बसली आणि विचारलं, "मी काय धरू?" मी ईश्वरीच्या अंगावरच्याच बाहीचं टोक वहिनीच्या हातात दिलं, दोरा तिच्या बोटावर घेतला आणि काकूची सुई उचलली. त्या दुपारी दोन फेऱ्या झाल्या, त्याही वाकड्या. ईश्वरीला घाई नव्हती. तिने दुसरा हात पुढे करून ठेवला होता.