किल्लेदाराची बायको

माझ्या नवऱ्याची नोकरी गेली हे त्याने मला आमच्या जेवणाच्या टेबलावर, मुलगी आणि शेजारच्या वहिनी दोघींच्या देखत सांगितलं आणि मी टाळी वाजवून म्हणाले, "वा! काय सीन आहे!" वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई वेडी आहे की काय. मलाही तेच वाटतं. वर्ष झालं, अजून भाजी चिरता चिरता ते आठवतं आणि हात थांबतो. कसं कळलं नाही मला? इतकं कसं कळलं नाही?

आधी खेळ सांगते, म्हणजे माझा गाढवपणा नीट समजेल. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी, जेवणं उरकली की, आम्ही चौघं खेळायला बसायचो. पत्ते नाहीत, पट नाही. कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा एक फासा आणि एक गोष्ट. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या डोक्याने वागायचं. मी गेम मास्टर. म्हणजे राज्य माझं, हवामान माझं, आणि खेळणाऱ्यांच्या तीन पात्रांखेरीज त्या राज्यात जो कोणी तोंड उघडेल तो प्रत्येकजण मीच. राजा मी, पहारेकरी मी, खानावळीतली म्हातारी मी, ड्रॅगनसुद्धा मी.

ऑफिसात मी दिवसभर शिपिंगचे कागद तयार करते. त्यात कल्पनाशक्ती वापरली तर कंटेनर भलत्याच बंदरात जायचा. म्हणून सगळी हौस मी त्या राज्यावर फेडली. लंच ब्रेकमध्ये वहीत नकाशा काढला: मिठागरांचं राज्य, मिठाखाली झोपलेला ड्रॅगन, आणि डोंगरांवर सात किल्ले. विकतच्या पुस्तकांतले टोकदार कानांचे लोक मला नको होते. मला किल्लेदार हवे होते, वैद्य हवे होते, फितूर कारकून हवे होते. तशी वर्षभर खपून मी ती वही भरली.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी वैद्यीण झाल्या. त्यांचा डब्यांचा धंदा, पार्कातल्या निम्म्या ऑफिसांत त्यांची व्हॅन फिरते. त्या मला "मास्तरीणबाई" म्हणायच्या, कारण नियमांच्या बाबतीत मी फार कडक. आमची मुलगी, वय वर्षं चौदा, ती चोर झाली. आणि नवरा झाला किल्लेदार. झाला म्हणजे मी केला. त्याला या खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं. फोन हातात, डोळे फोनमध्ये, पाळी आली की "मी तलवार मारतो" एवढंच. मी वैतागून म्हणायचे, "अरे, तुझ्या माणसाला काही मन आहे की नाही?"

आणि एका शनिवारी त्याने मला चिठ्ठी दिली.

चिठ्ठीची पद्धत अशी, की आपल्या पात्राचं काही गुपित असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून गेम मास्टरला द्यायचं. मी ते वाचायचं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, आणि गोष्टीत गुंफायचं. मुलगी दर वेळी चार चार चिठ्ठ्या द्यायची. नवऱ्याने दीड वर्षात एकही दिली नव्हती. त्या दिवशी दिली. त्याच्या त्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: राजाने माझी किल्लेदारी काढून घेतली. दोन महिने झाले. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी चिलखत चढवून निघतो, तळ्याकाठी बसतो, संध्याकाळी परत येतो.

काय सांगू, मला इतका आनंद झाला! अखेर या माणसाला खेळ कळला, असं वाटलं. चेहरा कोरा ठेवायचा नियम मीच केलेला, पण हसू काही आवरेना. मी म्हणाले, "यल्ला, चला, सुरू," आणि थेट त्या प्रसंगातच शिरले. पहाटेचा किल्ला, चिलखताच्या बंदांचा आवाज, पोरीच्या गालावरून फिरवलेला हात, आणि मग गडाची वाट सोडून तळ्याकडे वळलेला एकटा किल्लेदार. फार रंगवून सांगितलं मी. तेवढ्यात वहिनींच्या हातातली पेन्सिल खाली पडली. मला वाटलं, काय परिणाम साधलाय आपण!

वहिनी म्हणाल्या, "माझी वैद्यीण तळ्यावर जाते. त्यांच्याशेजारी भाकरी सोडून बसते."

"नाही जाता येणार," मी म्हणाले. "तो तळ्यावर आहे हे तुमच्या वैद्यिणीला कुठे माहीत आहे?"

"समजा, दिसला तिला येता-जाता."

"समजा नाही चालत, वहिनी. नियम म्हणजे नियम."

मग मुलगी म्हणाली, "देन आय विल गो. माय थीफ विल सिट विथ हिम."

"तुझ्या चोरालाही माहीत नाही."

तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला तिचा रागच आला. लाडावलेली पोर, नियम मोडायला बघते, असं मनात म्हणाले. नवरा खाली बघून फासा बोटांत फिरवत होता. त्या दोघी त्याला भाकरी द्यायला निघाल्या होत्या हो, आणि मी, मी मध्ये हात आडवा घालून बसले होते. आता लिहितानाही अंगावर काटा येतो.

पुढच्या शनिवारी दुसरी चिठ्ठी. आज बायकोला सांगणार.

किल्लेदाराची बायको वहीत नव्हतीच. पण गेम मास्टरला त्याने काय फरक पडतो? नाही तिथे माणूस उभं करायचं, हेच तर काम. किल्लेदार घरी आला. त्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खुर्ची जरा पुढे ओढली, फोन पालथा ठेवला आणि किल्लेदाराच्या तोंडून म्हणाला, "मला तुला काहीतरी सांगायचंय. माझी किल्लेदारी गेली. दोन महिने झाले. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

आणि मी बोलले. किल्लेदाराची बायको झाले आणि बोलले.

"दोन महिने! आणि रोज हे चिलखत कुणाला दाखवायला घालत होतात, मला? मी किल्लेदाराशी लग्न केलं होतं. तळ्याकाठी बसणाऱ्या माणसाशी नाही. शेजारणीला काय सांगू, माहेरी काय सांगू? जा. दुसरा किल्ला मिळवा आणि मग या. तोवर या घरात तोंड दाखवू नका."

वहिनी टेबलक्लॉथवरची नक्षी बघत बसल्या. मुलगी उठली, आत गेली, आणि दार धाडकन लावून घेतलं. नवरा हसला. खरंच हसला, थोडंसं. म्हणाला, "बरं. किल्लेदार जातो." तेव्हा मी टाळी वाजवली. तेव्हाच म्हणाले ते, काय सीन आहे म्हणून.

सोमवारी मी सुट्टी घेऊन घरी होते. दुपारी वहिनी वर आल्या. बसा म्हटलं तर बसेनात. दारातच म्हणाल्या, "एक बोलू का? राग मानू नका. खेळात बोललात ते बोललात, पण घरात तरी भावोजींना जरा सांभाळून घ्या. पुरुष माणूस रोज बाकावर बसलेला बघवत नाही हो."

"कुठल्या बाकावर?"

"आपल्या पार्कातल्या तळ्याच्या. माझी व्हॅन रोज तिथूनच जाते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉपची बॅग. एकदा मी हात केला, तर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांच्या ऑफिसात डबे द्यायला गेले तर तिथली रिसेप्शनवाली म्हणाली, ते तर डिसेंबरपासून येत नाहीत." मग माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "अगं बाई. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी दाराची कडी धरली. डिसेंबरपासून मी या माणसाचे शर्ट इस्त्री करत होते. रोज संध्याकाळी "आज काय विशेष?" विचारत होते, आणि तो "काही नाही, नेहमीचंच" म्हणत होता. आणि वहिनींना वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे, आणि ठाऊक असून मी चारचौघांत त्याला तसं बोलले! दोन दिवस ही बाई माझ्याविषयी काय विचार करत असेल? मला वर तोंड करून बघवेना.

मुलगी शाळेतून आली. दप्तर खाली ठेवायच्या आत मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"स्कूल बस त्या तळ्यावरूनच जाते, आई." ती रडायला लागली. "आय थॉट यू न्यू. आय थॉट दॅट्स व्हाय यू सेड इट."

म्हणजे टेबलावरच्या तिघांनाही तो खेळ नाही हे कळत होतं. फक्त मला, जिला त्या राज्यातल्या प्रत्येक दगडाखाली काय आहे ते पाठ, तिलाच कळलं नाही. बोंबला! कर्म माझं! डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

नवरा नेहमीसारखाच साडेपाचला आला. बॅग ठेवली, बूट काढले. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, "वहिनींनी सांगितलं."

तो सोफ्यावर बसला. मला वाटलं होतं तो ओशाळेल, रागावेल, रडेल. तसलं काही झालं नाही. त्याने सगळं शांतपणे सांगितलं. त्याचं डिपार्टमेंट बंद झालं होतं. व्हिसाची मुदत संपत आली होती, आणि त्याच्या व्हिसावरच आम्हा दोघींचे व्हिसा. इथून दीड तासावरच्या रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कारखान्याने तीन आठवड्यांपूर्वीच होकार दिला होता. पण शिफ्टची ड्युटी, राहायला कंपनीची एकट्यापुरती क्वार्टर्स, आठवड्यातून एक सुट्टी आणि तीही शनिवारी नाही. "मला जायचं नव्हतं," तो म्हणाला. "इथेच आणखी थोडं बघू, तू सांभाळून घेशील, असं वाटत होतं. तुला कसं विचारावं ते कळत नव्हतं. म्हणून तसं विचारलं."

"मग?"

"मग काय. आज सकाळी त्यांना हो म्हणालो. सही केली. एक तारखेला जायचंय."

"अरे, पण ती मी नव्हते!" मी ओरडलेच. "ती किल्लेदाराची बायको होती! मी सीन रंगवत होते. राजाही मीच होते ना? ड्रॅगनही मीच होते. मग ते काय माझं खरं बोलणं असतं का?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण राजा बोलायच्या आधी तू थांबतेस. ड्रॅगनच्या आधी पाणी पितेस. वहीत बघतेस. शनिवारी तू थांबली नाहीस. एक क्षणही नाही."

मी आठवून पाहिलं. मनातल्या मनात तो शनिवार दोनदा, तीनदा लावून पाहिला. मी फटकळ आहे, जिभेला हाड नाही, हे मला ठाऊक आहे, पण खोटी नाही. मी थांबले नव्हते. ती वाक्यं कुठून आली ते मला तेव्हाही सांगता आलं नाही, आणि आजही येत नाही. शेजारणीला काय सांगू, माहेरी काय सांगू. हे किल्लेदाराच्या बायकोचं बोलणं आहे का?

मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले. त्याचे दोन्ही हात धरले. "परत सांग," मी म्हणाले. "ते सगळं विसर. आता मला सांग. मला, तुझ्या बायकोला. पहिल्यापासून सांग, मी नीट ऐकते. बघ तरी मी काय म्हणते ते."

त्याने हात सोडवून घेतले नाहीत. फक्त नाही म्हणून मान हलवली.

"आता काय उपयोग," तो म्हणाला. "आता तुला माहीत आहे. आता तू चांगलंच बोलशील."