मंद आचेवरचा राजमा

७ फेब्रुवारी २०१७. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे प्रथिन असते; त्याने उलट्या-जुलाब होतात आणि चांगली खळखळ उकळी दिल्यावर ते निकामी होते, हे त्या दिवशीही आहारशास्त्राच्या पुस्तकात सापडले असते. छापखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना ते ठाऊक नव्हते.

मावशींचा सारा लौकिक मंद आचेवर उभा होता. भाजी असो वा भांडण, त्या कशालाच उकळी फुटू देत नसत. दाणा चिमटीत मोडला की शिजला, ही त्यांची कसोटी. त्या दिवशी भिजवलेला राजमा त्यांनी नव्या विजेच्या भांड्यात सकाळीच लावला. दुपारी दाणा लोण्यासारखा मऊ होता. पाणी मात्र एकदाही उकळले नव्हते. जेवणानंतर दोन-तीन तासांत निम्मे कामगार आडवे झाले, त्यांत मावशीही होत्या. रात्रीपर्यंत सगळे सावरले.

डॉक्टरांनी राजमा किती उकळला होता, असे विचारले; नीट न उकळलेला राजमा बाधतो, असेही सांगितले. मावशींनी प्रश्न उडवून लावला. याच हातांनी आपण पोरे-नातवंडे वाढवली, म्हणाल्या. मग व्यवस्थापकांचा संशय भांड्यांवर गेला. भांडी घासायला मावशींची सून नुकतीच लागली होती. तिने उद्यापासून येऊ नये, असे ठरले. त्या रात्री सून घरी जेवायला बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी छापखान्यात गेल्या. सून म्हणते, वाटेत मावशी गप्प होत्या. मावशी म्हणतात, आपण अखंड बडबडत होतो. व्यवस्थापकांपुढच्या बोलण्यावर मात्र दोघींचे एकमत आहे.

“भांडं लख्ख होतं, साहेब. राजमा माझ्याकडून कच्चा राहिला. काढायचंच तर मला काढा.”

“आई, उगीच माझ्यासाठी...”

“तू गप्प बस गं. तुझ्यासाठी नाही, खरं आहे म्हणून सांगतेय. काल हे कबूल केलं नाही, तेवढंच चुकलं.”

साहेबांनी दोघींनाही ठेवले. त्याच आठवड्यात राजमा पुन्हा झाला: पाणी बदलून, झाकण थडथडेपर्यंत उकळून. पहिले ताट मावशींनी घेतले, शेजारी सून बसली. तुम्ही तासभर ठीक राहिलात की आम्ही बसतो, असे छपाईचे खिळे जुळवणारा एक जुळारी म्हणाला आणि लगेच त्यानेच आपले ताट पुढे केले.

भांडे त्याच दिवशी घासले गेल्याने तपासायला नमुना उरला नाही. कारण राजमाच होता, हे संभवनीय आहे, सिद्ध नाही. निम्म्या कामगारांना काहीच का झाले नाही, हेही अद्याप अज्ञात आहे.