आक्कांची हरकत

आमच्या गल्लीतल्या आक्कांना एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात मान्य झाली, असं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो यावर त्यांनी आजवर हरकत घेतलेली नाही, ती केवळ अर्ज कुठं द्यायचा हे माहीत नसल्यामुळं. वय सत्तरीचं, अंगानं ठेंगण्या, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला त्यांनी कुणाची चौकशी केली तर त्या टोकाचा माणूस उत्तर देतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून त्या विचारणार, "ह्यो पांढरा रस्सा हाय, का तांदूळ धुतल्यालं पाणी?" डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की "मला न्हाई पटत, परत बघा," म्हणणार, आणि नवल म्हणजे दुसऱ्या खेपेला तो मुकाट्यानं खाली आलेला असणार. नृसिंहवाडीला एकदा दर्शनाची रांगच चुकीच्या बाजूनं लावली आहे, हे त्यांनी अर्ध्या रांगेला पटवून दिलं. त्या अर्ध्या रांगेत आम्ही होतो. आम्हाला दर्शन झालं ते संध्याकाळी.

माझ्या मुलीच्या बारशात, बायकोनं तीन महिने खपून शोधलेलं नाव जाहीर झालं मात्र, मागून आवाज आला, "हरकत हाय! हे पोरीचं नाव हाय, का साबणाची वडी?" मुलगी आज कॉलेजात जाते. दाखल्यावर तिचं एक नाव आहे आणि गल्लीत दुसरं, आक्कांनी ठेवलेलं. ती दुसऱ्या नावाला चटकन ओ देते, हे मी बायकोसमोर बोलत नाही.

आक्कांच्या हरकती कागदावर उतरवायचं काम माझ्याकडं. मी हायस्कूलात मराठी शिकवतो, अक्षर बरं आहे, आणि नाही म्हणायची हिंमत नाही. नळाला पाणी कमी आलं, मांडवाचा खांब दारात रोवला, की आक्का हजर. "लिवा, मास्तर." मी सवयीनं 'सविनय' लिहिलं की लगेच बोट कागदावर. "सविनय कशापायी? आपण काय भीक मागतोय व्हय?"

अशा आक्कांची गल्लीला खरी गरज पडली ती गेल्या वर्षी. आमची गल्ली जुन्या पेठेतली. दगडी जोती, लाकडी कोरीव सज्जे, उतरती कौलं. सगळी गल्ली वारशाच्या यादीत आहे, त्यामुळं खिडकीचा गज बदलायचा तरी परवानगी लागते. आम्ही त्याबद्दल रोज कुरकुरतो आणि पाहुण्यांपुढं मिरवतो. कोपऱ्यावरचं दगडी घर दूधवाल्या दादांचं. एके सकाळी त्यांच्या दारावर नोटीस लागली. घराच्या जागेचे दोन भाग करायचे आहेत, मागच्या परसात नवं बांधकाम होणार, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

गल्लीची झोप उडाली. आज दोन तुकडे झाले तर उद्या चार होतील. परसात चार मजले उठतील. गाड्या कुठं लागणार. पाणी आधीच करंगळीएवढं येतं. सगळ्यांना सगळं पटत होतं, पण पुढं व्हायला कुणी तयार नव्हतं. कारण दादांच्या दारात रोज सकाळी म्हशीची धार काढून ताजं फेसाळ दूध मिळतं, आणि त्या पेल्याशिवाय आमच्या गल्लीचा दिवस सुरू होत नाही. त्या माणसाविरुद्ध सही कोण करणार? सगळे मिळून आक्कांकडं गेले. आक्कांनी एवढंच विचारलं, "आजवर गप का बसलासा?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लिवा, मास्तर." अकरा हरकती झाल्या. बारावी म्हशींच्या शेपट्यांविषयी होती, ती मी हातापाया पडून वगळायला लावली.

महापालिकेत सुनावणी होती, मी आक्कांबरोबर गेलो. गल्लीतले बाकीचे मागच्या बाकांवर, दादांची नजर चुकवून बसले. साहेबांनी दादांना कारण विचारलं. दादा उठले. दूध घालताना अखंड बडबडणारा माणूस, तिथं मात्र टोपी हातात घेऊन चाचरत होता.

"साहेब, मागची जागा बहिणीला द्यायची हाय. तिचं मालक वारलं, तवापासनं ती आमच्यातच ऱ्हाती. आम्हाला जड न्हाई ती. पर तिला तिचं स्वतःचं दार पाहिजे. जागा वडलांची, म्हंजे तिचीबी हायच की. सगळी म्हणाली, हक्कसोड पत्रावर तिची सही घे आन् मोकळा हो. माझ्यानं न्हाई झालं."

शेजारी त्यांची बहीण उभी होती. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

साहेबांनी आक्कांकडं पाहिलं. "बोला, आजी. तुमची हरकत?"

आक्का उठल्या. माझ्या हातातला कागद घेतला, त्याची चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. माझी तीन दिवसांची मेहनत तिथं गेली.

"हरकत हाय," आक्का म्हणाल्या. "त्यो नकाशा दावा बघू. हितं तिच्या घराला वाट किती धरलीया? तीन फूट? बाई रोज तिरपी होऊन घरात जाणार व्हय? उद्या दुखणं आलं तर खाटलं कुठनं काढायचं? वाट सहा फूट पाहिजे. आन् वाट तिच्या नावानं लिवा. भाऊ चांगला हाय, पर भावाची पोरं कशी निघतील कुणी बघितलंया?"

मागच्या बाकांवर कुणीतरी "अगं आई गं!" म्हणालं. दादा आधी बावचळले, मग तोंडभर हसले. "व्हय की आक्का! देतो सहा फूट." साहेबांनी अट घातली: पुढचा दगडी दर्शनी भाग तसाच राहील, मागचं घर एकमजली आणि कौलारू असेल. गल्लीची निम्मी काळजी तिथंच मिटली. तरीही बाहेर आल्यावर मंडळींनी आक्कांना घेरलंच. "आक्का, आम्ही तुम्हाला हरकत घ्यायला पाठवलं होतं!"

"मग घेतली की!" आक्का म्हणाल्या, आणि समोरच्या रिक्षात जाऊन बसल्या.

रिक्षात, भाडं ऐकूनही त्यांनी हरकत घेतली नाही. मला भीतीच वाटायला लागली. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "मास्तर, उचगावात आमच्या वडलांची जागा होती. वडील गेल्यावर भावांनी कागद पुढं केला. म्हणालं, आक्का, सही कर, माहेर कुठं जातंय? मी न वाचता केली."

"आणि मग?"

"मग काय? दिवाळीला बोलवत्यात. जातो, जेवतो, येतो." कमरेला खोचलेला कागद चाचपत म्हणाल्या, "तवा हरकत घ्यायचं सुचलंच न्हाई बघा."

परसातल्या दोन खोल्या या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या. वास्तुशांतीला आक्कांनी त्यातल्या भिंतीचा रंग, चुलीची दिशा आणि भटजींचे उच्चार, तिन्हींवर हरकत घेतली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आता रोज दुपारी जेवण झालं की त्या सहा फुटी वाटेनं मागं जाताना दिसतात. मी एकदा दादांच्या बहिणीला विचारलं, "आक्का रोज येतात, काय म्हणतात?"

"काय न्हाई म्हणत," ती म्हणाली. "उंबऱ्याला टेकून बसत्यात. मी आत या म्हणतो, तर म्हणत्यात, तुझं काम कर तू. तुझ्या घरात जरा बसू दे मला."